फोकटचा धर्मकाटा

अकोल्याहून पातूरकडे निघालं की शहर संपता संपता डाव्या हाताला महल्ल्यांचा धर्मकाटा लागतो. धर्मकाटा म्हणजे काय, तर मालासकट गाडी तोलायची, ट्रक उभा राहील एवढी लोखंडी पाटी, पाटीच्या बाजूला एक खोली, खोलीला एक खिडकी अन् खिडकीत शेषराव तेलगोटे. यातली पाटी दोनदा बदलली. खोलीवरचे पत्रे एकदा वादळानं नेले. खिडकीला आधी जाळी होती, मग काच आली. शेषराव तेवढा सव्वीस वर्षांपासून तोच आहे.

माणूस उंचीनं बेताचा, अंगानं वाळका, पण पँट पांढरीफेक. ट्रकवाल्यांच्या धुराळ्यात, सोयाबीनच्या भुशात हा माणूस पांढरी पँट कशी टिकवतो, हे त्याची बायको मैनाबाईच जाणे. ती जे जाणते ते सांगायला बसली की साबणापासून सुरुवात करते, म्हणून तिला कोणी विचारत नाही.

शेषरावचा बाप धान्य बाजारात हमाल. बापासोबत बाजारात जायचा तेव्हा पोतं उचलायचं सोडून हा मापाऱ्याजवळ जाऊन बसायचा. मापारी पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो, मग दोन, तीन असं पुढे चालतो. हे शेषरावच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. आता कॉम्प्युटरचं बटण दाबायचं असतं, मोजायचं काहीच नसतं, तरी सकाळची पहिली गाडी पाटीवर चढली की हा खिडकीतून ‘लाभ’ म्हणतो. नवखा ड्रायव्हर असला की चिडतो. त्याला वाटतं, आपल्याच गाडीवर काही जास्तीचं लावून राहिला.

शेषरावची दुसरी ख्याती अशी, की पाटीवर जे दिसलं तेच त्याच्या तोंडातून निघायचं. त्याच्या साळ्यानं, प्रीतमनं, एकदा सोयाबीनच्या ट्रॉलीत क्विंटलभर वाढवून लिही म्हणून कानात सांगितलं होतं. शेषरावनं नाही लिहिलं. पुढं प्रीतमच्या पोराच्या लग्नात पंगत बसली, तर प्रीतम स्वतः भाताचं पातेलं घेऊन आला आणि चारशे माणसांदेखत म्हणाला, भाऊजी, किती ग्रॅम वाढू. शेषराव उपाशी उठला नाही. दोनदा भात घेतला.

आता हा काही त्याचा मोठेपणा नव्हता. त्याला खोटं जमतच नव्हतं. खोटं बोलायला गेला की त्याचा डावा कान लाल व्हायचा आणि वाक्य अर्ध्यात अडकायचं, बैलबंडी गाळात अडकते तसं. ज्याला पोहता येत नाही तो विहिरीत पडत नाही, तसा शेषराव प्रामाणिक होता.

काट्याचा मालक सूर्यभान महल्ले. वय सत्तरीला टेकलेलं, काळ्या जमिनीचं चौदा एकर वावर, एक कान कामातून गेलेला, म्हणून आवाज दोन माणसांचा. देवाधर्माला पक्का. सगळे त्यांना भाऊ म्हणतात.

काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम होता. बारा वर्षांपूर्वी बाहेरगावच्या कोण्या कंपनीकडून एकरकमी घेतलेला. त्या प्रोग्रामसोबत बोटाच्या पेराएवढी एक किल्ली आली होती, लाल लाइटवाली. ती कॉम्प्युटरच्या मागे खोचलेली असली की प्रोग्राम चालायचा, काढली की बंद. कोणी चोरून प्रोग्राम वापरू नये म्हणून कंपनीनं केलेली व्यवस्था. भाऊंनी एकदा विचारलं, हे लाल काय चमकून राहिलं. तेव्हा शेषराव म्हणून गेला होता, “भाऊ, या किल्लीतच सारा जीव हाय. हे गेली तं काटा गेला.”

एवढं एक वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

दसऱ्याला शेषराव काट्यावर नसतो. आदल्या दिवशीच तो मैनाबाईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, एक रात्र तिथंच काढतो, दोन पुस्तकं आणि एक कॅलेंडर घेऊन येतो. मागं नवमीची हत्यारांची पूजा भाऊ करतात. एरवी ती पूजा उरकल्यासारखीच व्हायची, कॉम्प्युटरच्या डोक्यावर एक झेंडूचं फूल अन् पाटीला कुंकवाचं बोट. पण त्या साली धंदा मंदा गेला होता. भाऊंच्या मनात आलं की आपणच पूजेत कसर करून राहिलो. आणि त्यांना शेषरावचं वाक्य आठवलं.

त्यांनी किल्ली काढली. ताम्हणात ठेवली. दूध, दही, तूप, मध, साखर, अशी पाचही अमृतं तिच्यावर घातली. मग स्वच्छ पाण्यानं आंघोळ, कोऱ्या रुमालानं अंग पुसणं, हळद, कुंकू, अक्षता. मग हात जोडून ती जिथली तिथं खोचली. लाल लाइट एकदा लखकन चमकला. भाऊंना वाटलं, पावली.

शेषराव परत आला तेव्हा टेबलावरून मुंग्यांची एक रांग निघाली होती, ती भिंतीवर न जाता कॉम्प्युटरच्या मागं शिरत होती.

“भाऊ,” शेषराव म्हणाला, “किल्लीले काय केलं?”

“पूजा केली. पयल्यांदा मनापासून केली. तूच म्हनत होता ना, जीव हाय तिच्यात.”

“होता भाऊ.”

कंपनीला फोन लावला. भाऊंना ऐकू यावं म्हणून शेषरावनंच तो स्पीकरवर टाकला, ही त्याची दुसरी चूक. तिकडून एक पोरगी गोड हिंदीत बोलली. किल्लीवालं आता बंद झालं म्हणाली, चार वर्षं झाली. आता वर्षाच्या वर्षाला पैसे भरायचे. भरले की प्रोग्राम चालेल, तारीख चुकली की स्क्रीन आपोआप बंद होईल. एकदाच विकत घ्यायची सोय आता नाही. मग ती म्हणाली, सर, त्यापेक्षा आमचा मोठा प्लान घ्या. त्यात कॅमेरे येतात, फाटक येतं, गाडीचा नंबर मशीनच वाचते, पावती मशीनच देते. “आदमी की ज़रूरत ही नहीं, सर.”

हे शेवटचं वाक्य बाहेर चहाची टपरी चालवणाऱ्या सुभद्राबाईलाही ऐकू गेलं.

भाऊंनी फोन ठेवला आणि बराच वेळ कंपनीचा उद्धार केला. आधी आपण घरची सरकी राखून ठेवायचो अन् तीच पुढच्या साली पेरायचो, मग पाकिटं आली, दर साली नवं पाकीट, राखलेलं पेरलं तर उगवते काय नाही उगवते. आता कॉम्प्युटरचंही पाकीट झालं म्हणायचं. आपलीच पाटी, आपलीच वीज आणि आपल्याच खोलीत आपण भाड्यानं. शेषराव मान हलवत राहिला. बोलून बोलून भाऊ दमले. मग त्यांनी शेषरावच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची साधीच, लोखंडी, फोमच्या गादीची. पण भाऊ तिच्याकडे असे पाहत होते जसं बाजारात म्हातारं जनावर पाहतात.

“मोठा प्लान म्हंजे तुह्या दीड सालाचा पगार,” भाऊ शेवटी म्हणाले. “पन मंग पुढं पगारच नाही. मले हे बरं नाही वाटत शेषराव. दिवाळीपरेंत तू काई करून पाय. नाहीतं मंग मले सांग, मी काय करू.”

झालं. खिडकीतली सव्वीस वर्षं एका गोड आवाजाच्या पोरीनं वीस दिवसांवर आणून ठेवली.

तोवर शेषराव हातानं पावत्या लिहू लागला. वजनाचे लाल आकडे दाखवणारा डबा चालूच होता, बंद होता तो पावतीवाला प्रोग्राम. अक्षर त्याचं मोत्यासारखं, पण कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर हातपावती कोणी घेईना. छापील आणा म्हणून गाड्या परत यायच्या. परत आलेली गाडी शेषरावकडे थांबायची नाही, सरळ रस्ता ओलांडून समोरच्या नत्थुजींच्या काट्यावर चढायची. तिथं ऑपरेटर ललित, वर्षाचे पैसे भरलेला नवा प्रोग्राम अन् खोलीत एसी. ललित पोरगा चांगला होता. गाडी चढली की लाजून दुसरीकडे पाहायचा.

शेषरावची पोरगी नीलम अमरावतीला. चार जणांनी मिळून एक कंपनी काढलेली, त्यातली ती एक. बापानं फोनवर सारी गोठ सांगितली, किल्लीच्या आंघोळीसह. नीलम आधी पाच मिनिटं हसली. मग म्हणाली, बाबा, तो कॉम्प्युटरचा डबा घेऊन या इकडं.

शेषरावनं कॉम्प्युटरचा डबा मैनाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं. बाजूची बाई मूर्तिजापूरपर्यंत त्या गाठोड्याकडे पाहत होती, शेवटी तिनं विचारलंच, बिमार हाय काय. शेषराव हो म्हणाला. कान लाल झाला नाही, कारण ते खरंच होतं.

नीलमची कंपनी पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. खाली दळण सुरू झालं की वर टेबलं थरथरायची आणि सगळ्या कॉम्प्युटरवर पिठाची साय. काम काय, तर वरुड-मोर्शीकडच्या संत्रावाल्यांनी पानाचा फोटो पाठवायचा अन् यांनी रोग सांगायचा. आधी त्यांनीही फोटो साठवायला परदेशी कंपनीची मोठी मशीन भाड्यानं घेतली होती, भाडं डॉलरमध्ये, जेवढा माल चढवाल तेवढं बिल. एका महिन्यात एका कास्तकाराच्या नातवानं पानाऐवजी अख्ख्या लग्नाचे फोटो चढवले, हळदीपासून पाठवणीपर्यंत. त्या महिन्याचं बिल चौघांच्या पगाराहून वर गेलं. तेव्हापासून त्यांनी बंद पडलेल्या शिकवणीचे दोन जुने कॉम्प्युटर आणले, त्यांच्यावर सगळे फोकटचे प्रोग्राम टाकले आणि खोलीतला एकुलता कूलर त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. माणसं घामात, मशीन गारव्यात.

नीलमनं काट्याचाही तसाच एक प्रोग्राम शोधून ठेवला होता. केरळातल्या कोण्या माणसानं आपल्या गावच्या सोसायटीच्या काट्यासाठी तो केला अन् सगळ्यांसाठी उघडा ठेवला. मग कोण्या वीटभट्टीवाल्यानं त्यात भर घातली, कोण्या ऊसवाल्यानं घातली. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. अट इतकीच, की आतलं लिखाण झाकून ठेवायचं नाही.

शेषरावला हे पटेना. “मंग तो केरळवाला खाते काय?”

“बाबा, शेजारची विरजन मागाले आली तं आई पैशे घेते काय?”

“नाई घेत. पन दूध जिचं तिले लागते ना.”

“हां. तेच सांगून रायली.”

दूध काय लागतं ते संध्याकाळी कळलं. नीलमची जोडीदारीण संध्या दुपारभर त्या डब्यासमोर बसली. वजनाचा आकडा नेमका उचलला जाईल असं केलं, पावती मराठीत आणली, वर ‘महल्ले धर्मकाटा’ मोठ्या अक्षरात. मुंग्याही काढल्या. मग नीलमनं बापाच्या हातात बिल ठेवलं. शेषराव पोरीकडे पाहत राहिला. नीलम म्हणाली, प्रोग्राम फोकट आहे बाबा, संध्याचे हात फोकट नाहीत. हमालाच्या पोराला यापुढं समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यानं तिथूनच भाऊंना फोन लावून पैसे टाकायला लावले, आणि कंपनीच्या छोट्या प्लानची चौथाईही हे होत नाही म्हटल्यावर भाऊंनीही टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी चढली. शेषरावनं बटण दाबलं, खर्रकन पावती निघाली. “लाभ,” तो म्हणाला, आणि या वेळी जरा जोरातच म्हणाला, समोर ललितला ऐकू जाईल असा.

इथं गोठ संपायला हवी होती. पण दुपारी बुधाजी आला.

बुधाजी म्हणजे पाच-सहा गावांचा चालता रेडिओ. स्वतःच्या शेतात कमी आणि दुसऱ्यांच्या कामात जास्त. ट्रॉलीभर सोयाबीन मोजलं, पावती उलटसुलट पाहिली, छान हाय म्हणाला. मग विचारलं, केवढ्याले बसला हा नवा प्रोग्राम.

शेषराव म्हणाला, “फोकट.”

बुधाजीनं पावती अशी धरली जशी तिला ओल लागली. काही बोलला नाही. सुभद्राबाईच्या टपरीवर जाऊन बसला आणि तिथं बोलला. त्याच्या घरी खताच्या दुकानातून फोकट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ होतं, ते दिवसाला वीस मिनिटं मागं पडायचं. गावात तशी चाळीस घड्याळं, चाळीस घरांत चाळीस वेळा. आता फोकटचं घड्याळ दिवसाला वीस मिनिटं मागं पडत असेल, तर फोकटचा काटा क्विंटलमागं किती मागं पडत असेल, याचा ज्यानं त्यानं हिशोब करावा.

ज्यानं त्यानं केला. चार दिवसांत महल्ल्यांच्या पाटीवर कुत्रं झोपू लागलं.

शेषराव येईल त्याला सांगू लागला, की बाबा, वजन पाटीखालचे लोखंडी पाय सांगतात, सरकारी माणूस येऊन त्यांच्यावर वजनं ठेवून शिक्का मारून जातो, प्रोग्राम तर नुसता लिहिणारा कारकून. पण एवढं लांब ऐकायला कोणाला वेळ होता. ‘फोकट’ हा शब्द एका घोटात उतरतो, लोखंडी पाय उतरत नाहीत.

भाऊंनी तोड काढली. ते म्हणाले, कोणी विचारलं की एक लाख दहा हजार म्हणून सांगायचं. वर जीएसटी वेगळा म्हणायचं, म्हणजे खरं वाटतं. शेषराव म्हणाला, भाऊ, मले जमत नाही. भाऊ म्हणाले, तोंडच हालवायचं हाय, नांगर नाही हाकायचा. त्याच दुपारी कांद्याचा एक व्यापारी आला आणि त्यानं नेमकं तेच विचारलं. भाऊ आत खोकलले.

“येक लाख...” शेषरावनं सुरुवात केली. कान तापला. “येक लाख दहा...” व्यापारी वाट पाहत होता. “...रुपयेही नाही लागले,” शेषराव म्हणाला, आणि खिडकीच्या काचेवरची धूळ पुसू लागला.

संध्याकाळी भाऊंनी कंपनीला फोन केला. या वेळी स्पीकर नव्हता, पण भाऊंच्या आवाजाला स्पीकर लागतो कुठं. सोमवारी माणूस पाठवा म्हणाले, मोठ्या प्लानवाला. खिशात त्यांनी कंपनीकडून आलेला त्या प्लानचा रंगीत कागद घडी करून ठेवला. शेषरावनं घरी जाऊन मैनाबाईला सांगितलं. ती म्हणाली, खोटं बोलायला येत नाही हे लग्नाआधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आणि भाकर वाढली.

शनिवारी बुधाजीच पुन्हा आला. खुमखुमी त्याला बसू देईना. म्हणाला, एवढं म्हणता तर परीक्षा द्या. ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे असं काही चढवू. काट्याच्या बाजूलाच उत्तमरावांचं सिमेंटचं दुकान. सिमेंटचं पोतं कंपनीचं, बंद, वर पन्नास किलो छापलेलं. पन्नास पोती चढवायची, पंचवीसशे भरले तर काटा खरा, नाहीतर खोटा. भाऊंनी मान डोलावली. उत्तमराव तर खूशच, एवढ्या माणसांसमोर दुकानाचं नाव होणार. ते म्हणाले, माझा माल रोकडा भाव देऊन आणलेला आहे, फोकटचा नाही, त्यात फरक निघायचा नाही.

तमाशाला होते तशी गर्दी रविवारी पाटीभोवती झाली. समोरून नत्थुजी आले, त्यांच्या मागं ललित. सुभद्राबाईनं चहाचा ताजा हंडा चढवला. आधी रिकामा ट्रॅक्टर-ट्रॉली चढवून वजन लिहून घेतलं. मग दुकानातून मोजून पन्नास पोती भरली, मोजायला तीन गावांची तीन माणसं. ट्रॉली पुन्हा पाटीवर आली. सगळे खिडकीकडे पाहू लागले.

स्क्रीनचं तोंड आत होतं. बाहेरच्यांना दिसत नव्हतं, लाल आकड्यांचा डबाही आतच. आकडा फक्त दोघांना दिसत होता, खुर्चीतल्या शेषरावला आणि त्याच्या खांद्यावरून वाकलेल्या भाऊंना. रिकाम्या गाडीचं वजन वजा होऊन आकडा आला, दोन हजार चारशे सत्तर.

शेषरावनं डोळे मिटून उघडले. आकडा तोच. त्यानं मनातल्या मनात पाटीखालच्या आठही पायांची विचारपूस केली. पायात दगड अडकला असेल काय, तर सकाळीच झाडून काढलं होतं.

भाऊंना कुजबुजता येत नाही. पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ते कुजबुजले. “पंचवीसशे म्हन.”

म्हणायला काय होतं. बाहेर पन्नास माणसं तेच ऐकायला उभी होती. नुसता आकडा, पाच अक्षरांचा. म्हटला असता तर काटा वाचला, खुर्ची वाचली, सोमवारचा माणूस चहा पिऊन परत गेला. शेषरावनं तोंड उघडलं. डावा कान आधीच लाल झाला. आणि सव्वीस वर्षांची जी सवय पडली होती तिनं त्याला विचारलंच नाही.

“चोवीसशे सत्तर,” तो म्हणाला.

आधी कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच. बुधाजीनं टोपी काढून पुन्हा घातली, जसा कोणी सत्कार केला त्याचा. उत्तमराव म्हणाले, फोकटचा काटा पोत्यामागं अर्ध्या किलोच्या वर खातो राजेहो. भाऊंनी खिशातला रंगीत कागद काढून उलगडला. शेषराव पावतीकडे पाहत बसला. पावती मात्र सुंदर छापली होती.

तेवढ्यात सुभद्राबाई कपबशांचा ट्रे घेऊन ट्रॉलीजवळून गेली आणि थांबली. टपरी टाकायच्या आधी पंधरा वर्षं तिनं जिनिंगात गाठींचं तरट शिवलं होतं. सुईदोऱ्याच्या बाबतीत तिच्यासमोर कोणी बोलायचं नाही.

“उत्तमरावभाऊ,” ती म्हणाली, “हे सगळ्यात खालचे तीन पोते पाय बरं. बाकीच्याईले मशीनची शिवन हाय, याईले हाताची काऊन हाय? अन् टाका बी पांगळा हाय.”

हसू ओसरलं. तिन्ही पोती उतरवली. शेषरावच्या काट्यावर भरोसा नाही म्हणता, तर उत्तमरावांच्याच दुकानातल्या काट्यावर ठेवली. तो काटा त्यांनी बारा हजाराला घेतलेला, सगळ्यांना ठाऊक. पहिलं पोतं चाळीस किलो. दुसरं एकोणचाळीस. तिसरं एक्केचाळीस. बुधाजीनं बोटांवर बेरीज केली, एकदा उलटी केली, एकदा सुलटी. दीडशेला तीस कमी. पंचवीसशेला तीस कमी.

उत्तमराव बोलले, की घरी स्वयंपाकाच्या ओट्याले उलीसं सिमेंट लागलं होतं. मग पोती पुन्हा शिवून ठेवली, विकायची नव्हती, पोरांनी चुकून भरली. गेल्या उन्हाळ्यात ज्यांनी ज्यांनी उत्तमरावांकडून सिमेंट घेऊन घर बांधलं होतं, ते सगळे त्या क्षणी आपापल्या भिंतींचा विचार करत असावेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

शेषराव बोलला तेही खिडकीतूनच. “गाडी खाली घ्या. मांगं कांदा उभा हाय.”

सोमवारी कंपनीचा माणूस आला तेव्हा रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग होती, त्याची मोटरसायकल लावायला जागा नव्हती. भाऊंनी त्याला चहा पाजला, कागद परत दिला. बुधाजी टपरीवर बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत होता. त्याचं म्हणणं आता असं, की काटा फोकटचा आहे म्हणूनच खरा बोलतो. पैसे देऊन आणला असता तर पैसेवाल्याचं ऐकलं असतं. शेषरावनं त्यालाही पुन्हा एकदा लोखंडी पायांचं सांगून पाहिलं. बुधाजी म्हणाला, ते जाऊ दे ना, तुले त्यातलं समजत नाही.

संध्या आता दर तीन महिन्यांनी अमरावतीहून येते, प्रोग्रामची देखभाल करते, बिल देते. भाऊ बिल पाहून कण्हतात आणि भरतात. उन्हाळ्यात ललितही आला, मान खाली घालून. त्यांच्या प्लानची तारीख आली होती, भाडं दीडपट झालं होतं, नत्थुजींनी एसी बंद केला होता. शेषरावनं त्याला पेन ड्राइव्हवर प्रोग्राम देऊन टाकला. भाऊ त्या दिवशी पातूरपर्यंत ऐकू जातील असे ओरडले, की घरचं हत्यार दुश्मनाच्या हाती दिलं. शेषराव म्हणाला, भाऊ, ते आपलं नोयच, अन् देल्लं तरी आपलं कमी होत नाही. भाऊंनी लगेच कॉम्प्युटर सुरू करून पाहिला. खरंच कमी झालं नव्हतं. तरी दोन दिवस बोलले नाहीत.

बघता बघता पुन्हा दसरा आला. नागपूरला निघता निघता भाऊंनी शेषरावला अडवून विचारलं, यंदा किल्ली कुठं आहे. शेषराव म्हणाला, यंदा किल्लीच नाही भाऊ, याच्यात किल्ली लागत नाही. भाऊ विचारात पडले. मग जीव कशात आहे, म्हणाले. शेषरावला गाडी गाठायची होती. तो म्हणाला, कशातच नाही, आता सारं उघडंच हाय, कॉम्प्युटरले मात्र हात लावू नका. भाऊंनी तसा शब्द दिला.

त्यांनी शब्द पाळला. परत आल्यावर शेषरावनं आधी टेबल पाहिलं. एकही मुंगी नव्हती. डबा कोरडा, तारा कोरड्या, स्क्रीनवर एक ठिपका नाही. बाहेर सोयाबीनची ट्रॉली येऊन उभी होती. समाधानानं तो आपल्या खुर्चीत बसला.

आणि तसाच उठला. फोमची गादी आतपर्यंत भिजलेली होती. दूध, दही, तूप, मध, साखर. पाठीच्या लोखंडाला हळदीकुंकवाची पाच पाच बोटं, खुर्चीच्या हातावर झेंडूचा हार. मुंग्या होत्या, पण त्या सगळ्या इकडं आलेल्या.

भाऊ दारात उभे होते. “इचार करून केलं,” ते म्हणाले. “दुसरं काही सापडलंच नाही.”

शेषरावनं मान वळवून मागून आपली पांढरी पँट पाहता येईल तेवढी पाहिली. मैनाबाई काय म्हणेल ते त्याला तिथूनच ऐकू येत होतं, आणि ते साबणापासून सुरू होत होतं.

“भाऊ, मले हे पूजा-गिजा चालत नाही, तुमाले मालूम हाय.”

“तुही कुठं केली,” भाऊ म्हणाले. “खुर्चीची केली.”

ट्रॉलीवाल्यानं हॉर्न दिला. शेषराव उभ्यानंच खिडकीशी गेला, उभ्यानंच बटण दाबलं. गादी वाळायला अजून दोन दिवस लागणार होते.

“लाभ,” तो म्हणाला.